बंदूक घराबाहेर काढताना

दुपारी दीडच्या सुमाराला टेलिफोन एक्स्चेंजमधली सकाळची ड्यूटी संपवून मी घरी आले, तेव्हा मामाजी पलंगावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर बंदूक आडवी होती. शेजारी जुनं वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर काडतुसं ओळीनं उभी करून ठेवलेली.

"काय करताय मामाजी?" मी दारातूनच विचारलं.

"साफ करून राहिलो," ते म्हणाले.

खोलीत तेलाचा वास नव्हता. नळी पुसायचा गज कोपऱ्यात खिळ्याला तसाच टांगलेला होता. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. अमरावती रोडवर ट्रकनं त्याची स्कूटर उडवली, आणि तो दवाखान्यात पोचण्याआधीच संपला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. त्यामुळे नागपूरच्या हनुमाननगरातल्या त्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघंच उरलो होतो. माहेरचे मला न्यायला आले होते. 'नंतर बघू' म्हणून मी त्यांना परत पाठवलं. मामाजींना एकटं टाकून जाणं मला जमलं नसतं, आणि त्याचे कपडे, त्याचा रेडिओ जिथं होता तिथून मलाही हलायचं नव्हतं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

बंदूक दुनळी होती आणि मामाजींच्याच नावावर होती. ते सावनेरजवळच्या एका कोळसा खाणीत खजिनदार होते. मजुरांचा पगार नागपूरच्या बँकेतून जीपनं खाणीवर न्यायचा, आणि वाटेत मध्ये मध्ये निर्जन रस्ता. खाणीच्या साहेबानंच त्यांना परवाना काढायला लावला होता. नोकरीभर ती बंदूक त्यांच्या गुडघ्यापाशी होती, पण माणसावर एकदाही रोखावी लागली नाही, हे ते अभिमानानं सांगायचे. निवृत्तीनंतर ते शहरात राहायला आले आणि बंदूकही आली. दरवर्षी डिसेंबरात परवान्याचं नूतनीकरण करून आणायचं काम माझा नवरा करायचा. तो नोव्हेंबरात गेला. डिसेंबर कधी आला आणि कधी गेला, आमच्या घरात कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूटीवर जाण्याआधी मी काडतुसं उचलली, एका पिशवीत बांधली आणि तांदळाच्या डब्यात खाली दडपली. बंदूक माझ्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या कपाटाची दुसरी किल्ली मामाजींकडे होती. ती मागायला हवी होती, पण मागितली असती तर का मागते ते बोलावं लागलं असतं. ते शब्द घरात उच्चारायची माझी हिंमत नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काडतुसं तू ठेवली का?"

"हो. मी ठेवली."

"बरं."

एवढंच. रागावले नाहीत, कुठं ठेवली ते विचारलं नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आठवडाभरानं मी धीर करून म्हटलं, "मामाजी, बंदूक विकून टाकायची का? आता तिचा काय उपयोग?"

"विकून टाक," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कागद करून आण. म्हणशील तिथं सही करतो."

ते इतक्या सहज हो म्हणाले की मला वाटलं, पंधरा दिवसांत घरातून ही ब्याद जाईल. परवान्याचं पुस्तक काढून बघितलं आणि मुदत संपल्याचं दिसलं, तरीही मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो मला पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं समजावून सांगितला.

"बंदूक कुठं आहे आता?" त्यानं विचारलं.

"घरी."

"अन् लायसन?"

"डिसेंबरात संपलं."

त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही मले सांगून राहिल्या म्हणून ऐकून घेतो. दुसऱ्या कोणाले सांगाल तर म्हातारा आत जाईल. बिगरलायसनचं हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे."

"मग आजच जमा करून घ्या. मी रिक्षानं घेऊन येते."

"अशी कशी घेऊ? कमिशनर ऑफिसातून हुकूम आणा. अन् आमचा मालखाना पाहा एकदा जाऊन, जप्तीच्या मालानं पाय ठेवायले जागा नाही."

"म्हणजे घरी ठेवली तर गुन्हा, आणि इथं आणली तर तुम्ही घेणार नाही?"

"आता मी काय करू, नियमच तसा आहे." मग तो थोडा पुढं वाकला. "इतकी घाई काहून आहे तुम्हाले?"

खरं कारण माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या काळी जीव द्यायचा प्रयत्न करणं हासुद्धा गुन्हा होता, आणि ठाण्यात बोललेलं गल्लीत पोचायला वेळ लागत नसे. "घरात बंदूक नको वाटते," एवढंच मी म्हटलं.

"पाहू मग. थोडा खर्च येईल," तो म्हणाला. मी पर्समधली एक नोट त्याच्या टेबलावरच्या कागदाखाली सरकवली. त्यानं कागद उचललाही नाही, फक्त त्यावर कोपर ठेवलं.

तिथून पुढं माझे खेटे सुरू झाले. सकाळची ड्यूटी संपली की घरी जाऊन मामाजी ठीक आहेत का बघायचं, दोन घास खायचे आणि सायकल रिक्षा करून सिव्हिल लाइन्सला जायचं. पोलीस कमिशनरच्या ऑफिसात शस्त्र परवान्यांची शाखा मागच्या बाजूला होती. तिथला कारकून वयस्क, सभ्य माणूस होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि सगळा क्रम सांगितला. आधी परवान्याचं नूतनीकरण. मुदत टळली म्हणून जादा फी, आणि उशीर का झाला याचा खुलासा. तो खुलासा खरा आहे असा ठाण्याचा अहवाल. नूतनीकरण झालं की मग विक्रीचा अर्ज. अर्जानंतर दीड महिना थांबायचं, कोणाची हरकत आली नाही तर परवानगी. घेणारा माणूस ग्रामीण भागातला असेल तर त्याचा परवाना कलेक्टर ऑफिसचा, म्हणजे तिकडे पत्र जाणार आणि तिकडून उत्तर येणार.

"कलेक्टर ऑफिस तर इथंच पलीकडे आहे," मी म्हटलं. "पत्र मी हातानं नेऊन देते ना."

"हातानं चालत नाही ताई. टपालानंच जायला पाहिजे."

फी भरायला चलन करून ट्रेझरीत जावं लागे. तिथली खिडकी मी पोचायच्या आत बंद झालेली असे. एकदा रजा टाकून गेले, तासभर रांगेत उभी राहिले, पैसे भरले, पावती आणली. कारकुनानं ती बघितली आणि हळहळला. चलनावर लेखाशीर्ष चुकलं होतं. पैसे सरकारजमा झाले होते, पण भलत्याच खात्यात. ते परत मिळवायला वेगळा अर्ज, आणि आमच्या कामाला पुन्हा नवं चलन. मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभी राहिले आणि मला रडू फुटलं. लोकांना वाटलं असेल, बाईचं कोणी तरी गेलं. गेलं होतंच की.

सदर भागात बंदुकांचं एक दुकान होतं. तिथं भाड्यानं बंदूक ठेवून घेतात असं कारकुनानंच सांगितलं होतं. दुकानदारानं परवान्याचं पुस्तक उघडलं आणि लगेच मिटून माझ्याकडे सरकवलं. "लायसन चालू असतं तर आत्ता ठेवून घेतली असती. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, बाकी काही नाही. पण हे संपलेलं आहे बहेनजी. उद्या तपासणी आली तर माझं दुकान बंद होईल."

मी उठले. तेव्हा तोच म्हणाला, "गिऱ्हाईक मात्र आहे माझ्याकडे. काटोलकडचा संत्रेवाला. त्याला बंदूक घ्यायची मंजुरी मिळाली आहे, नवी परवडत नाही. मे महिन्यापर्यंत त्याची मुदत आहे. आमचं कमिशन लागेल." मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हटलं असतं.

पण दिवस सरत नव्हते. एप्रिल लागला, ऊन चढलं. गल्ली दुपारी ओस पडायची, दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर. अशा दुपारी मामाजी घरात एकटे असायचे. माझी ड्यूटी बदलून दुपारची झाली तेव्हा तर माझा जीव थाऱ्यावर राहीना. कानाला हेडफोन, समोर दिवे लागताहेत, ट्रंक कॉल मागणारे लोक ओरडताहेत की रायपूर का लागत नाही, जबलपूर का लागत नाही, आणि माझं मन घरातल्या कपाटापाशी. आमच्या घरासमोर औषधांचं दुकान होतं, तिथं फोन होता. दोन कॉलच्या मधे मी तो नंबर लावायची.

"भाऊ, जरा बघता का, आमचं दार उघडं आहे का?"

"उघडं आहे ताई. बाबा पेपर वाचून राहिले ओट्यावर."

दुकानदाराला वाटायचं मला चोरांची भीती आहे. मीही तसंच वाटू दिलं.

घरी परतताना फाटकापासूनच मी मोठ्यानं "मामाजी!" अशी हाक मारायची. ओ यायला क्षणभर उशीर झाला की मी धावत दार गाठायची. आणि ओ आली की मी उगाच काही तरी विचारायची, दूध आलं का, पाणी भरलं का. त्यांनाही कळत असणार. आम्ही दोघंही त्या विषयाभोवती पाय वाजू न देता वावरत होतो.

काटोलचा शेतकरी एका रविवारी आला. संत्रा मार्केटमध्ये माल टाकून तसाच चालत आला होता. चाळिशीचा, दणकट, पण एका पायानं लंगडत होता. मी पाणी दिलं. त्यानं धोतर जरा वर करून मामाजींना मांडीवरचा व्रण दाखवला.

"रानडुकरानं फाडली जी. नवीन कलमं लावली, ते रातभर उकरून टाकते. हाकलाले गेलो त अंगावर आला. आता बायको वावरात जाऊच देत नाही."

"पहिले कधी चालवली का बंदूक?" मामाजींनी विचारलं.

"बापाची होती ठासणीची. तिची नळी फुटली."

मामाजी उठले, आपल्याकडच्या किल्लीनं माझं कपाट उघडलं आणि बंदूक काढून आणली. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी ती मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या, स्वतः बघितल्या, मग त्याला दाखवल्या.

"पाह्य. खाली आहे म्हणून दुसऱ्यानं सांगतलं तरी आयकायचं नाही. हातात घेतली की मोडून पाहायची. देताना पाहायची, घेताना पाहायची. घरात आणली की काडतुसं एकीकडे अन् बंदूक एकीकडे."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यानंतर अर्धा तास ते बोलत होते. गेल्या चार-पाच महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. जीपच्या गोष्टी, पावसात ओढ्यात अडकलेल्या पगाराच्या पेट्या, सगळं. शेतकरी मान डोलावत ऐकत होता. जाताना तो मला म्हणाला, "ताई, बंदूक पसंत आहे. फक्त मे महिना सरायच्या आत करून द्या. माझी मुदत गेली की पुन्हा पहिल्यापासून."

"माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती," मी म्हटलं. ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

तो गेला. मामाजींनी बंदूक कपाटात ठेवली, किल्ली परत आपल्या खिशात टाकली.

ठाण्याचा अहवाल काही निघेना. हवालदार एकदा चौकशीला घरी आला, चहा प्यायला, दोन प्रतिष्ठित माणसांचे जबाब लागतील म्हणाला. मी औषधवाल्याचा आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांचा जबाब करून दिला. मग तो बंदोबस्ताला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, कागद साहेबाकडे आहे. साहेबांच्या शिपायानं सांगितलं, कागद आलाच नाही. मी तिसऱ्यांदा अर्ज दिला. प्रत्येक वेळी घेतल्याचा शिक्का मारून मिळायचा, तेवढं मात्र चोख होतं.

मे महिन्यातली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. मी बोर्डावर बसले होते. चहाच्या सुट्टीआधी औषधवाल्याचा नंबर लावला.

"भाऊ, दार उघडं आहे का?"

"नाही ताई, कुलूप आहे. बाबा मघाशी रिक्षात बसून गेले."

"कुठं गेले?"

"ते नाही सांगतलं. हातात काही तरी लांबडं होतं, चादरीत गुंडाळलेलं."

मी हेडफोन काढून शेजारच्या ऑपरेटरच्या हातात दिला. सुपरवायझर मागून ओरडली, "बोर्ड सोडून कुठं चाललीस?" बाहेर ऊन असं होतं की डोळे उघडवेनात. रिक्षावाला झाडाखाली झोपला होता, त्याला हलवून उठवलं. सगळ्या वाटेत मी एकच शब्द म्हणत होते, "जल्दी, भैया, जल्दी."

घरात गेले. कपाट उघडं. बंदूक नाही. तांदळाच्या डब्यात हात घातला, कोपरापर्यंत घातला. पिशवी नाही. मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. अंबाझरी तलाव डोळ्यांपुढं आला. अमरावती रोडवरची ती जागा डोळ्यांपुढं आली. कुठं धावायचं, कोणाला हाक मारायची, काही सुचेना.

मग उठून पुन्हा कपाटापाशी गेले. वरच्या खणात परवान्याचं पुस्तक असायचं, तेही जागेवर नव्हतं. चष्म्याचं घरही नव्हतं. मी तिथंच उभी राहून विचार केला. मरायला निघालेला माणूस परवाना कशाला घेईल? वाचायचा चष्मा कशाला घेईल? कुठं कागद वाचून सही करायची असेल तरच.

मी ठाण्याकडे पळत गेले. रिक्षा करायचंही सुचलं नाही.

मामाजी ठाण्यातल्या बाकावर ताठ बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. बंदूक मोडलेल्या स्थितीत हवालदाराच्या टेबलावर होती आणि बाजूला काडतुसांची पिशवी. हवालदार घामाघूम झाला होता.

"बाई, न्या यांले घरी! मी सांगून सांगून थकलो. हुकूम नाही, मी घेऊ शकत नाही."

"गुन्हा आहे म्हणते ना तू," मामाजी शांतपणे म्हणाले. "मग लिहून घे गुन्हा. मले आत टाक. पण हे बंदूक आता घरी जाणार नाही."

"मामाजी," मी म्हटलं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून इन्स्पेक्टर बाहेर आला. तरुण होता, माझ्या नवऱ्याच्या वयाचा. त्यानं बंदूक बघितली, आमच्याकडे बघितलं. हवालदार उभा राहून सांगायला लागला, मुदत संपलेला परवाना, हुकूम नाही, मालखान्यात जागा नाही. इन्स्पेक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं आणि मामाजींना विचारलं, "बाबा, आजच का आणली?"

मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब, मी खाणीवरचा खजिनदार. लोकांच्या पगाराचे पैसे घेऊन जंगलातून जायचो, तेव्हा कधी भ्यालो नाही. आता मले घरात बसून भीती वाटते. हे बंदूक घरात आहे याची भीती वाटते. पोरगं गेलं माझं. दुपारी सूनबाई कामावर जाते. मग मी अन् हे, दोघंच असतो घरात. आज सकाळपासून मन ठीक नव्हतं. म्हणून घेऊन आलो."

कोपऱ्यातला टायपिस्ट थांबला होता. मी दोन महिन्यांत ज्या शब्दांच्या आसपाससुद्धा जाऊ शकले नव्हते, ते त्यांनी भर ठाण्यात, अनोळखी माणसासमोर, टोपी काढून सांगितले होते.

इन्स्पेक्टरनं आधी मला विचारलं, "अर्ज दिला होता का तुम्ही?"

"तीनदा दिला."

त्यानं हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं टेबलाचा खण ओढला, आणि आमचे कागद तिथंच निघाले, त्याच्या पान-तंबाखूच्या डबीखाली.

"परवानाधारकानं स्वतः आणून जमा केली, असं लिहा," इन्स्पेक्टर म्हणाला. "पावती द्या."

"साहेब, मालखान्यात जागा..."

"माझ्या खोलीत ठेवा. आणि अहवाल उद्या सकाळी माझ्या सहीला आणा." मग मामाजींना म्हणाला, "तुमच्यावर गुन्हा नाही बाबा. घरी जा. पाणी घेता का?"

मामाजींनी पाणी घेतलं. दोन ग्लास घेतलं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "काडतुसं तुम्हाला कशी सापडली?"

"तांदळाच्या डब्यात ठेवली होती तू."

"पण कळलं कधी?"

"पहिल्याच दिवशी. तुझी सकाळची ड्यूटी असली की भात कोण टाकते?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस ते रोज त्याच डब्यातून तांदूळ काढत होते, पिशवीला हात लागत असेल, आणि पुन्हा झाकण लावत होते. माझा इतका वेळ धरलेला बांध तिथं सुटला. भर रस्त्यात, रिक्षात मी मोठ्यानं रडले. "तुम्ही गेला असता तर मी काय केलं असतं मामाजी? माझं कोण होतं?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी कधी ठेवला नव्हता. "म्हणून त गेलो ठाण्यात, बेटा," ते म्हणाले.

बोर्ड सोडून गेल्याबद्दल मला मेमो मिळाला. घरातलं माणूस सापडत नव्हतं, असं उत्तर लिहून दिलं. खोटं नव्हतं ते.

बंदूक घराबाहेर गेली, पण कागद तसेच रखडत राहिले. ठाण्याचा अहवाल गेला, तर नूतनीकरणाला आणखी एक सही लागली आणि ते साहेब रजेवर होते. जूनच्या सुरुवातीला काटोलचा शेतकरी आला तो संतापूनच. त्याच्या मंजुरीची मुदत संपली होती.

"तुमच्या भरोशावर राहिलो ताई! दुसरी मिळत होती मले, सोडून देली. आता पुन्हा तलाठ्यापासून सुरू. पुन्हा फी, पुन्हा चकरा. अर्धी कलमं गेली."

मामाजी ओट्यावरून उठून आले आणि त्याला म्हणाले, "आत ये गा. बस." त्यांनी त्याला सगळं सांगितलं, ठाण्यात सांगितलं होतं तसंच, काही न लपवता. शेतकरी चपला हातात घेऊन उभा होता. ऐकता ऐकता तो खाली बसला. मग म्हणाला, "मुदतवाढीचा अर्ज करतो जी मी. तुमचीच घेईन."

त्यानंतर तो नागपूरला आला की आमच्याकडे यायचाच. मामाजी त्याच्यासोबत कलेक्टर ऑफिसात जायचे, चलन भरायला जायचे. खजिनदाराचा तो हात, चलनावरचं एक अक्षर चुकू द्यायचे नाहीत. दुपारचं घराबाहेर पडायला त्यांना काम मिळालं. एकदा दोघंही तिथल्या बड्या बाबूशी भांडून आले आणि घरी येऊन मला रंगवून सांगत बसले. मी हसले. त्या घरात मी याआधी कधी हसले होते, ते मलाच आठवेना.

परवानगी यायला पुढचा हिवाळा उजाडला. मधे एक आख्खा पावसाळा बंदूक ठाण्यात पडून होती. इन्स्पेक्टरची बदली झाली होती आणि नव्या इन्स्पेक्टरनं ती मालखान्यात टाकली होती. ज्या दिवशी ती कमिशनर ऑफिसात नोंद करून द्यायची होती, त्या दिवशी मामाजींनी ती हातात घेतली, मोडली, नळ्या उजेडाकडे धरल्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला. आत गंज चढला होता.

"इतके वर्ष मी हिले डाग पडू देला नाही!" ते कारकुनावर ओरडले. बिचाऱ्या कारकुनाचा काही संबंध नव्हता. त्यातच शिपाई ठेवणावळीची, म्हणजे मालखान्यात ठेवल्याच्या भाड्याची, पावती घेऊन आला. "गंज चढवायचेही पैसे घेता का?" मामाजी म्हणाले. मला त्यांचा तो राग बघून इतकं बरं वाटलं की मी त्यांना आवरलं नाही.

शेतकरी म्हणाला, "राहू द्या जी. घासली की निघते. मी पाहतो." ठेवणावळही त्यानंच भरली. सह्या झाल्या. मामाजींनी बंदूक पुन्हा एकदा मोडून, दोन्ही नळ्या बघून त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली आणि शिकवलं होतं तसं स्वतः पुन्हा बघितली. मामाजींनी मान हलवली. तो काटोलची बस पकडायला गेला.

आम्ही फाटकाबाहेर आलो. थंडीचे दिवस, ऊन कोवळं होतं. रस्त्याच्या कडेला एक ठेलेवाला कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी तळत होता. कोथिंबिरीचा वास दूरपर्यंत येत होता.

"भूक लागली का गं तुले?" मामाजींनी विचारलं.

"लागली."

आम्ही उभ्या उभ्या खाल्ली, कढीत बुडवून. मामाजींनी आणखी एक प्लेट मागवली. खाता खाता ते म्हणाले, "पोरगा लहान होता ना, तर याच्यातली कोथिंबीर काढून काढून बाजूले ठेवायचा. नुसतं वरचं वेष्टन खायचा. त्याची माय त्याले रागवे, अन् ते कोथिंबीर मग मीच खाऊन टाको."

तो गेल्यापासून त्याची एखादी आठवण ते पहिल्यांदाच सांगत होते. मी विचारलं, "आणखी काय काय करायचा?"

ते सांगायला लागले. रिक्षा न करता आम्ही सिव्हिल लाइन्सपासून घरापर्यंत चालत आलो. वाटेभर ते बोलत होते.